मृत्युदर: कशाने भागलं आणि मोजलं कोणी?

आमच्या सोसायटीत तीन मुली मिळून भाड्याने राहतात. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. त्यातल्या एकीने परवा जिन्यात गाठलं आणि मग प्रश्न लिहूनही पाठवला: "काका, नोट्समध्ये लिहिलंय की नैसर्गिक आपत्ती आणि साथरोगांमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जगात शंभर वर्षांत प्रचंड घटलं. बातम्या बघितल्या तर उलटंच वाटतं. खरं काय? किल्लारीच्या भूकंपातल्या मृतांचे तीन पुस्तकांत तीन आकडे आहेत, त्यातला कुठला लिहू? आणि पुण्यात राहून आपण नक्की कशाला घाबरायचं?"

हा जिन्यात उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता. सार्वजनिक आरोग्य खात्यात माझी एकतीस वर्षं गेली, सुरुवातीची पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि नंतरची बहुतेक साथींच्या मागे धावण्यात. म्हणून जरा पसरून लिहितो.

नोट्स चुकीच्या नाहीत. १९२० च्या दशकात जगभर नैसर्गिक आपत्तींत वर्षाला सरासरी पाच लाखांच्या आसपास माणसं मेल्याची नोंद आहे. तेव्हा जगाची लोकसंख्या दोनशे कोटींच्या आत होती, म्हणजे लाखामागे पंचवीसेक मृत्यू. अलीकडच्या काळात ही सरासरी वर्षाला चाळीस ते साठ हजारांवर आली आहे आणि लोकसंख्या गेली आठशे कोटींच्या वर. लाखामागे एकसुद्धा नाही. जगात दरवर्षी सगळ्या कारणांनी मिळून साधारण सहा कोटी माणसं मरतात. त्यात भूकंप, पूर, वादळ वगैरेंचा वाटा हजारात एखाद्याचा.

पण ही "सरासरी" फार लबाड आहे. आपत्तींचे मृत्यू पगारासारखे महिन्याच्या महिन्याला होत नाहीत. २००४ ची त्सुनामी एकटीच सव्वादोन लाखांच्या वर माणसं घेऊन गेली. २००८ मध्ये म्यानमारचं नर्गिस वादळ आणि चीनमधला सिचुआनचा भूकंप एकाच महिन्यात, मे मध्ये आले आणि दोन्ही मिळून दोन लाखांच्या वर गेले. मधली कित्येक वर्षं दहा-वीस हजारांत आटोपली. त्यामुळे "गेल्या वर्षीपेक्षा मृत्यू तिप्पट" असा मथळा दिसला की मी पान उलटतो. दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून बघितलं तरच काही कळतं, आणि तेही जपून.

आणखी एक गोष्ट नोट्समध्ये बहुधा नसेल. शंभर वर्षांपूर्वीचे ते प्रचंड आकडे मुख्यतः दुष्काळाचे आणि चीनमधल्या महापुरांचे आहेत. पुरातही बुडून मेले त्यांच्यापेक्षा नंतर भुकेने आणि रोगाने मेले ते जास्त. म्हणजे जी घट आपल्याला दिसते, तिचा मोठा भाग अन्न वेळेवर पोचवता येऊ लागलं याचा आहे. लांब जायला नको. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाखा धरून काही दशलक्ष माणसं गेली. १९७२ ला आपल्याकडे पाऊस तसाच दगा देऊन गेला, पण तशी मरतूक झाली नाही. का? १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडली, पाझर तलाव खणले, सुकडी खाल्ली, मिलोच्या (परदेशी लाल ज्वारीच्या) भाकरीला नावं ठेवली आणि जगली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. ढगांनी दोन्ही वेळा सारखंच केलं होतं.

आता तुझ्या शब्दावर येतो. मराठीत आपण "मृत्युदर" हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. एका गावात वर्षभरात अमुक आजाराने किती मेले, भागिले गावाची लोकसंख्या, हा एक. निदान झालेल्या शंभर रुग्णांपैकी किती मेले, हा दुसरा. आणि खरोखर लागण झालेल्या शंभरांपैकी, म्हणजे घरी दोन दिवस ताप काढून कामाला गेलेलेही धरून, किती मेले हा तिसरा. वर अंश तोच, खाली छेद बदलला की उत्तर शंभरपट बदलू शकतं. वर्तमानपत्र तिन्हींना मृत्युदरच म्हणतं. वार्ताहराला दोष देत नाही, आमच्या मिटिंगांमध्ये डॉक्टरही हेच करायचे.

कोविडचं उदाहरण तुझ्या ओळखीचं आहे. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२० ला. सुरुवातीला तपासणी फक्त दाखल झालेल्यांची आणि परदेशातून आलेल्यांची. छेदात सगळी आजारी माणसंच, मग दर भयंकर दिसणारच. पुढे ऑगस्टमध्ये शहरातल्या पाच प्रभागांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष आले. आयसर आणि सावित्रीबाई फुले विद्यापीठ त्यात होते. तपासलेल्यांपैकी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली, लोहियानगर-कासेवाडीत तर ६५ टक्क्यांच्या पुढे. नोंदलेल्या रुग्णांच्या कितीतरी पट माणसांना विषाणू येऊन गेला होता आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता. मेलेल्यांची संख्या त्या दिवशी एकानेही बदलली नाही. खालची संख्या बदलली, आणि आजाराचा चेहराच बदलला.

याच्या उलटही घडतं. २००३ मध्ये सार्स आला तेव्हा पहिल्या आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण चारेक टक्के सांगत होते. शेवटी ८,०९६ रुग्णांत ७७४ मृत्यू भरले, जवळजवळ दहा टक्के. कारण साधं होतं. ज्या दिवशी भागाकार केला त्या दिवशी कित्येक रुग्ण अजून खाटेवर होते, ना बरे ना गेलेले, पण छेदात मोजलेले. त्यामुळे साथ चालू असताना काढलेला दर दोन्ही बाजूंनी चुकतो. सौम्य रुग्ण सुटल्यामुळे तो फुगतो आणि खाटेवरचे रुग्ण धरल्यामुळे आक्रसतो. यातली कुठली चूक मोठी हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा नायडू रुग्णालयापुढच्या रांगा आणि मास्कचा काळाबाजार मी बघितलाय. त्या गर्दीला "थांबा, छेद कळू दे" असं सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

आता मोजतो कोण? हा प्रश्न मला छेदाहूनही मोठा वाटतो.

माझी आजी साताऱ्याकडची. कुणाचं वय विचारलं की "मानमोडीच्या साली रांगत होता" असं सांगायची. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. जगात त्याचे बळी पाच कोटींच्या घरात धरतात, पण अंदाज पावणेदोन कोटींपासून दहा कोटींपर्यंत पसरलेले आहेत. एकट्या हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटींच्या दरम्यान. एवढी मोठी तफावत कशी? कारण नोंद पाटील-कोतवालाने ठेवायची आणि कित्येक गावांत तेच अंथरुणाला खिळलेले. मग इतिहासकारांनी काय केलं? १९२१ ची जनगणना काढली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं फक्त त्या एका दशकात झालंय. किती माणसं असायला हवी होती आणि किती उरली, यातल्या वजाबाकीतून अंदाज बांधले गेले.

त्या वजाबाकीला आम्ही अतिरिक्त मृत्यू म्हणतो. कोविडलाही शेवटी हेच करावं लागलं. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात नोंदलेले कोविड मृत्यू ५४ लाखांच्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज १ कोटी ४९ लाखांचा आला. भारतासाठी त्यांनी ४७ लाखांचा अंदाज दिला, आपला त्या दोन वर्षांचा अधिकृत आकडा पाच लाखांच्या आत होता आणि केंद्र सरकारने तो अंदाज फेटाळला. उत्तरपत्रिकेत दोन्ही लिही आणि कुणाचा कुठला तेही लिही. मला विचारशील तर ज्या देशात मरणाच्या दाखल्यावर डॉक्टरने कारण लिहिलेले मृत्यूच थोडे, तिथे नोंदलेला आकडा म्हणजे किमान आकडा. अंदाजही अंदाजच, पण किमान आकड्याला एकूण आकडा समजणं ही चूक अधिक मोठी.

मोजणाऱ्याची भीती वाटली की माणसं मेलेलं माणूसही लपवतात. हे पुण्याइतकं कुणाला माहीत असणार? १८९७ च्या प्लेगमध्ये सोजिरांकडून (गोऱ्या सैनिकांकडून) घरं तपासली गेली, लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवली, प्रेतं गुपचूप हलवली. २२ जूनला गणेशखिंडीत प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली, ते सगळ्यांना पाठ असतं. पण त्या धाकामुळे साथीची नोंदही बिघडली, ही बाजू आमच्या खात्यात शिकवायला हवी. त्याच साथीत सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७ ला. हडपसरजवळ मुलाने, डॉ. यशवंतने, दवाखाना थाटला होता, तिथे त्या रुग्णांना आणून सेवा करत होत्या. पुढे देवीच्या निर्मूलनाच्या वेळी रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस लावलं गेलं. लपवण्याऐवजी लोक रुग्ण शोधून आणू लागले. १९७५ नंतर देशात देवीचा स्थानिक रुग्ण सापडलेला नाही.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. मी बीड जिल्ह्यात एका पीएचसीत वैद्यकीय अधिकारी होतो. दुपारपर्यंत आमची टीम जीपमधून निघाली, सोबत सलाइनच्या पेट्या आणि टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, पोती. मला वाटत होतं हाडं बसवायची असतील, जखमा शिवायच्या असतील. दुसऱ्या दिवशी हातात वही आली: मृतांची यादी करा.

तुला तीन आकडे का सापडले ते त्या वहीत होतं. एकाच माणसाचं नाव सासरच्या यादीत एकदा, माहेरच्या यादीत एकदा. विसर्जनाला आलेले पाहुणे कुठल्याच यादीत नाहीत. प्रेतं एकेक करून जाळायला लाकूड पुरत नव्हतं, एकाच चितेवर कितीतरी ठेवली जात होती, आणि त्यातली किती कुणाची हे सांगणारं माणूसही कधी त्याच चितेवर असायचं. लातूरला नेलेला जखमी तिथे दगावला तर त्याची नोंद लातूरला. सरकारी कागदांत ७,९२८ हा आकडा मिळतो, परदेशी नोंदींत ९,७४८. निबंधात "आठ ते दहा हजार" लिही. चार पर्यायांतला एक निवडायचा असेल तर सरकारी पुस्तकातला. परीक्षेला तत्त्व नको, गुण हवेत.

पण माझ्या मनात राहिली ती घरं. भूकंप ६.२ चा, जगाच्या हिशेबात मध्यम. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात ६.९ चा झाला, त्यात ऊर्जा साधारण दहापट, आणि मृत्यू ६३. आपल्याकडे दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर चढवायचा, नाहीतर गळतं. वर्षानुवर्षं छत जड होत गेलं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, गावात प्रतिष्ठेचं घर. ते झोपलेल्या माणसांवर आलं. त्याच गावच्या कडेला कुडाच्या झोपड्यांत राहणारी माणसं खरचटून बाहेर आलेली मी पाहिली. गरिबी माणसाला वाचवते असं माझ्या नोकरीत तेवढं एकदाच झालं.

हाच हिशेब जगात मांडून बघ. २०१० च्या जानेवारीत हैतीला ७.० चा भूकंप, मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत. पुढच्याच महिन्यात चिलीला ८.८ चा, म्हणजे ऊर्जेने पाचशेपट, मृत्यू पाचशेच्या आसपास. चिलीने मोठे धक्के खाल्ले होते आणि बांधकामाचे नियम कागदावर ठेवले नव्हते. वादळांचंही तसंच. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख गेले, २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास. मधल्या काळात निवारे बांधले गेले आणि सायकलवरून भोंगा घेऊन फिरणारे हजारो स्वयंसेवक उभे राहिले. ओडिशाने १९९९ ला दहा हजार माणसं गमावली आणि २०१९ च्या फनीच्या वेळी बारा लाख लोक आधीच हलवले. मृत्यू ६४.

किल्लारीत टीसीएलची पोती कशाला नेली होती हे सांगायचं राहिलं. वरिष्ठांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकच धास्ती: प्रेतांमुळे साथ पसरणार. ती पसरली नाही. धक्क्याने मेलेल्या माणसाचं प्रेत सहसा साथ पसरवत नाही, कारण ज्याला पटकी (कॉलरा) नव्हती त्याच्यापासून पटकी येणार कुठून? पण त्या भीतीपोटी ओळख न पटवता, नाव न लिहिता प्रेतं घाईने उरकली जातात आणि मागे राहिलेली माणसं वारसाच्या दाखल्यासाठी वर्षानुवर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. साथ येते ती पाण्यातून. हैतीत भूकंपानंतर नऊ महिन्यांनी पटकी आली ती संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या मैल्यातून नदीत, आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. म्हणून आम्ही तेव्हा रोज सकाळी विहिरीत टीसीएल टाकायचो आणि क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली हलवून पिवळा रंग येतो का बघायचो. तेवढं केलं तर बाकी देवावर सोडता येतं.

पटकीवरून आठवलं. उपचार न मिळालेल्या गंभीर पटकीत निम्मे रुग्णही जाऊ शकतात, वेळेवर पाणी-मीठ मिळालं तर शंभरात एकही नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून नळ लावलेल्या पिंपांतून द्यायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या आत आलं. जंतू तोच होता. त्यामुळे "या रोगाचा मृत्युदर अमुक" असं कुणी म्हटलं की कुठे, कधी आणि खाटेशेजारी काय होतं, हे विचारल्याशिवाय मी मान हलवत नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न. भीतीच वाटायची असेल तर तिची क्रमवारी लाव. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं मेली, क्षयाने दरवर्षी याहून जास्त जातात. वीज पडून दरवर्षी अडीच-तीन हजार, बहुतेक शेतात काम करणारी, आणि त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळी. हेल्मेटबद्दल पुणेकरांशी मी वाद घालत नाही, नोकरीत होतो तेव्हाही घातला नाही.

जिल्ह्यात डोंगर आहे, तेव्हा माळीण विसरता येणार नाही. ३० जुलै २०१४ ला १५१ माणसं मातीखाली गेली आणि बाहेर पहिली खबर नेली ती नेहमीच्या एसटीच्या ड्रायव्हरने, त्याला गावच दिसेना म्हणून. शहरात मात्र माझी भीती पाण्याची आहे. दोन्ही अर्थांनी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ती आपत्ती नैसर्गिक म्हणायची का यावर जुनी माणसं अजून भांडतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने वीसच्या आसपास बळी घेतले. धरण वगैरे काही फुटलं नव्हतं. ओढ्याच्या जागेत भिंती होत्या. आणि २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकिटवाडी-नांदेडकडे, जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) दोनशेच्या आसपास रुग्ण निघाले. हा आजार एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. काही आठवड्यांत, त्यातही एवढ्याशा पट्ट्यात इतके म्हणजे तिथे काहीतरी बिघडलंय, हे मृत्यू मोजायच्या आधीच कळायला हवं होतं. संशय पुन्हा पाण्यावरच गेला.

तेव्हा तू एक कर. आपल्या सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याची क्लोरीनसाठी तपासणी शेवटची कधी झाली, ते सेक्रेटरींना विचार. मी विचारलं होतं. त्यावर दोन मिटिंगा झाल्या, एका सभासदांनी लेखी हरकत घेतली, आणि टाकीचं झाकण शेवटी सी विंगच्या गच्चीत तुळशीच्या कुंडीखाली सापडलं.